घोडं कुठं पेंड खाणार? नव्या सरकारचा शपथविधी बघताना

प्रश्न मराठवाड्यातल्या एका तरुण शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "९ जून २०२४ ला केंद्रात नवं सरकार आलं. दहा वर्षांनी पहिल्यांदाच भाजपकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. टीव्हीवर निम्मे म्हणत होते सहा महिन्यांत पडेल, निम्मे म्हणत होते काहीच बदललेलं नाही. मला दोन्ही पटलं नाही. नवं सरकार आलं की तुमच्यासारखी आतली माणसं नेमकं काय बघतात?"

'आतली माणसं' हे जरा जास्तच झालं. मी दिल्लीत केंद्रीय सचिवालयात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं मंत्रिमंडळासमोर जाणारी टिपणं तयार करण्यात गेली. सरकारं बदलताना मला दिसायच्या त्या दारावरच्या पाट्या, आणि पाटी बदलूनही त्याच टेबलावर बसून राहिलेल्या फायली. त्यामुळे माझं उत्तर फायलींच्या अंगाने येईल. राजकीय पंडिताचं हवं असेल तर त्यांचा तुटवडा नाही.

आधी शपथविधीचं बोलतो, कारण तिथे बघण्यासारखं सर्वांत कमी असतं. तो लग्नासारखा सोहळा आहे. कोण कितव्या रांगेत, कोणाचा मानपान राहिला, कोणाची करवली रुसली. ९ जूनच्या संध्याकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पंतप्रधान धरून ७२ जणांनी शपथ घेतली. शेजारच्या देशांचे पाहुणे आले होते. त्यातले नेपाळचे प्रचंड जुलैत पायउतार झाले, बांगलादेशच्या शेख हसीना ऑगस्टमध्ये देश सोडून भारतातच आल्या, श्रीलंकेचे विक्रमसिंघे सप्टेंबरमध्ये हरले आणि मॉरिशसचे जगन्नाथ नोव्हेंबरमध्ये. ज्यांच्या सरकारबद्दल 'सहा महिने टिकेल का' असं विचारलं जात होतं ते टिकले, आणि अक्षता टाकायला आलेल्यांपैकी चौघे सहा महिन्यांत गेले. म्हणून त्या दिवशीच्या फोटोवरून मी भाकीत करत नाही.

आता आकडे. ते सगळ्यांना पाठ आहेत, पण त्यांची वजाबाकी फार थोड्यांनी केली. भाजप २४०, भाजपप्रणीत आघाडी (एनडीए) २९३, बहुमताला हवेत २७२. तेलुगू देसमचे १६ काढा, उरतात २७७. सरकार शाबूत. त्याऐवजी जनता दल (संयुक्त)चे १२ काढा, उरतात २८१. तरीही शाबूत. दोघे एकाच वेळी गेले तर २६५, आणि मग मात्र गडबड. म्हणजे चंद्राबाबूंच्या एकट्याच्या हातात किल्ली नव्हती, नितीशकुमारांच्याही नव्हती. किल्ली दोन तुकड्यांत होती, आणि ते दोन तुकडे हैदराबाद-पाटण्याच्या अंतरावर, वेगवेगळ्या गरजा घेऊन बसले होते. एकाला आंध्रची नवी राजधानी अमरावती आणि पोलावरम धरण यांसाठी पैसा हवा होता, दुसऱ्याला पुढच्या वर्षी बिहारची निवडणूक लढवायची होती. दोघांनाही दिल्लीशी भांडण परवडणारं नव्हतं. १९९८ ची वाजपेयींची गोष्ट निराळी होती. तिथे एकट्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि १७ एप्रिल १९९९ ला सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०.

उलट, १९७७ साली जनता पक्षाकडे स्वतःचं स्पष्ट बहुमत होतं, आणि मोरारजींचं सरकार अडीच वर्षंही पुरं करू शकलं नाही. अविश्वासाचा ठराव विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी मांडला होता, पण तो फक्त धक्का होता. भिंत आतून आधीच पोखरलेली होती. १९९१ साली नरसिंह रावांकडे बहुमत नव्हतं आणि त्यांनी पाच वर्षं काढली. आकड्यांवरून सरकारचं आयुष्य सांगणं म्हणजे कुंडलीवरून. मला वेगळाच प्रश्न पडतो: या सरकारात एखादी फाइल नको असेल तर ती अडवण्याची ताकद कोणाकडे आहे? आपल्याकडे म्हणतात ना, घोडं कुठं पेंड खातंय ते बघा. नव्या सरकारचं घोडं कोणाच्या अंगणात पेंड खाऊ शकतं, एवढंच मी शोधतो.

मंत्रिपद आणि अडवण्याची ताकद या दोन गोष्टी लोक एकच समजतात, तसं नाही. एखादा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जायचा असेल तर मूळ खातं टिपणाचा मसुदा करतं आणि संबंधित खात्यांकडे अभिप्रायासाठी पाठवतं. ज्याच्याकडे मसुदा येतो त्यालाच 'आमची हरकत आहे' असं लिहिता येतं. पैशाचा विषय म्हटला की वित्त मंत्रालयाचा खर्च विभाग आलाच. कायद्याचा म्हटला की विधी मंत्रालय. नागरी विमान वाहतूक मंत्र्याकडे पीक विम्याचा मसुदा येत नाही. तो थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीत बोलू शकतो, पण तोवर भाजी शिजलेली असते. फार तर मीठ कमी-जास्त सांगता येतं. शिवाय अनुच्छेद ७५ ने सामूहिक जबाबदारी घातलेली आहे, त्यामुळे बाहेर पडल्यावर त्याच भाजीचं कौतुकही करावं लागतं.

हे ध्यानात ठेवून १० जूनच्या संध्याकाळचं खातेवाटप बघा. गृह अमित शहा, संरक्षण राजनाथ सिंह, अर्थ निर्मला सीतारामन, परराष्ट्र जयशंकर. २०१९ पासून होते तसेच. मित्रपक्षांना एकूण अकरा मंत्रिपदं, त्यातली पाच कॅबिनेट: तेलुगू देसमचे राममोहन नायडू नागरी विमान वाहतूक, जनता दल (संयुक्त)चे लल्लन सिंह पंचायती राज आणि मत्स्य व पशुपालन, कुमारस्वामी अवजड उद्योग आणि पोलाद, जीतनराम मांझी सूक्ष्म-लघु उद्योग, चिराग पासवान अन्न प्रक्रिया. यातलं एकही खातं असं नाही की ज्याच्या टेबलावरून इतरांच्या फायली जातात. मतदारसंघात काम दाखवायला ही खाती चांगली आहेत. सरकारचा हात धरायला निरुपयोगी. त्या संध्याकाळी यादी वाचूनच मी घरी म्हटलं होतं, आघाडी बाहेर आहे, आत नाही.

खातं लहान म्हणजे मंत्री बिनकामाचा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९७७ साली मधू दंडवत्यांनी रेल्वे घेतली आणि दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवला. आज शयनयानातून जाणाऱ्या माणसाला ते कोणी केलं हे माहीतही नसतं. पण ते आपल्या अंगणातलं काम झालं. दुसऱ्याचं काम अडवणं वेगळं.

महाराष्ट्राचा रुसवा इथेच. शिंदेंच्या शिवसेनेचे ७ खासदार, मिळालं एक राज्यमंत्रिपद स्वतंत्र कार्यभाराचं, बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांना, आयुष खातं. मावळचे श्रीरंग बारणे दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे म्हणाले की पाच खासदारवाल्या चिरागना कॅबिनेट, दोनवाल्या कुमारस्वामींना कॅबिनेट, मांझी तर एकटेच, मग आम्हालाच का नाही? अजित पवारांच्या पक्षाने तर प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते म्हणून राज्यमंत्रिपद घ्यायलाच नकार दिला. हिशेब त्रैराशिकाने केला तर बारण्यांचं बरोबर आहे. पण मंत्रिपदं त्रैराशिकाने वाटली जात नाहीत. 'हा उद्या उठून गेला तर कुठे जाईल?' या प्रश्नाच्या उत्तराला भाव असतो. शिंदेंना परतीचा रस्ता नव्हता, मुंबईत मुख्यमंत्रिपद हातात होतं, आणि ४८ पैकी १७ जागांवर आलेल्या महायुतीकडून दिल्लीला त्या आठवड्यात वाद नको, काम हवं होतं. जो घर सोडून जाऊ शकत नाही त्याला पानात शेवटी वाढतात. कटू आहे, पण सगळ्या पक्षांच्या सरकारांत मी हेच पाहिलं.

राज्यमंत्र्यांबद्दल दोन शब्द, कारण गावाकडे सत्कार त्यांचेच सर्वांत मोठे होतात. महाराष्ट्रातून या वेळी गडकरी आणि गोयल सोडले तर बाकी सगळे राज्यमंत्रीच: जाधव, आठवले, रक्षा खडसे, मुरलीधर मोहोळ. स्वतंत्र कार्यभार असेल तर गोष्ट वेगळी, ते खात्याचे मालक असतात. साध्या राज्यमंत्र्याकडे काय येणार हे त्याच्या कॅबिनेट मंत्र्याने काढलेल्या कामवाटपाच्या आदेशावर ठरतं. मी एका खात्यात असताना मित्रपक्षाचे एक राज्यमंत्री आले. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये हारांचा खच. मग जवळजवळ तीन महिने तो आदेशच निघाला नाही. त्यांचे स्वीय सचिव रोज येऊन विचारायचे, "आज काही फाइल?" आणि आम्ही संसदेतल्या अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे सहीसाठी पाठवायचो, म्हणजे टेबल रिकामं दिसू नये. ते सज्जन होते, कधी चिडले नाहीत. हिंदी पंधरवड्याचं भाषण मात्र त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं. नवा राज्यमंत्री काय करू शकेल हे कळायला तो आदेश निघेपर्यंत थांबावं; सत्काराचा फ्लेक्स त्यासाठी उपयोगाचा नाही.

३ जुलैला मंत्रिमंडळाच्या समित्या जाहीर झाल्या. वर्तमानपत्रांत आतल्या पानावर छोटी बातमी आली. माझ्या मते शपथविधीपेक्षा ती मोठी. सुरक्षाविषयक समितीत तेच पाच जण: पंतप्रधान आणि गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र हे चौघे. नियुक्त्यांच्या समितीत पंतप्रधान आणि गृहमंत्री, दोघेच. सचिवांपासून मोठमोठ्या पदांवर कोण बसणार ते इथे ठरतं. मित्रपक्षांना राजकीय व्यवहार समितीत राममोहन नायडू आणि मांझी, आर्थिक व्यवहार समितीत कुमारस्वामी आणि लल्लन सिंह अशी जागा मिळाली. म्हणजे अगदीच बाहेर ठेवलं असंही नाही. आर्थिक व्यवहार समितीत बसणाऱ्याला निदान काय येतंय ते आधी कळतं. माझ्या १० जूनच्या मतात मी एवढी दुरुस्ती करून घेतली.

एका ठिकाणी मी साफ चुकलो, तेही सांगतो. मला वाटलं होतं तेलुगू देसम लोकसभेचं अध्यक्षपद मागेल आणि घेईल. १९९८ मध्ये त्यांनी तेच केलं होतं. फक्त १२ खासदार असताना बालयोगी अध्यक्ष झाले. त्यांच्या अपघाती निधनानंतर २००२ मध्ये शिवसेनेचे मनोहर जोशी आले. आघाडीत हे पद मित्रपक्षाचं विमापत्र असतं. एका मताने सरकार पडलं त्या दिवशी ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग मत देऊ शकतात का, हा प्रश्न बालयोगींनी गमांग यांच्याच सदसद्विवेकावर सोडला होता. आणि पक्षांतराच्या बाबतीत अध्यक्षाच्या हातात काय असतं ते महाराष्ट्राला २०२२ नंतर वेगळं शिकवायला नको. त्यामुळे चंद्राबाबू हे सोडतील असं वाटलं नाही. त्यांनी सोडलं. २६ जूनला ओम बिर्ला पुन्हा अध्यक्ष झाले, विरोधकांनी के. सुरेश यांचं नाव पुढे केलं, आवाजी मतदान झालं आणि मतविभागणी कोणी मागितली नाही.  चंद्राबाबूंनी विमा घेण्याऐवजी रोख घेतली, एवढाच मी अर्थ लावला.

ती रोख २३ जुलैच्या अर्थसंकल्पात दिसली. अमरावतीसाठी १५,००० कोटींची सोय, तीही मुख्यतः आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्जातून करून द्यायची. बिहारच्या रस्त्यांना २६,००० कोटी, पुराच्या कामांना ११,५०० कोटी. गंमत अशी की आदल्याच दिवशी, २२ जुलैला, लोकसभेत लेखी उत्तरातून सांगितलं गेलं की बिहारला विशेष राज्याचा दर्जा देण्याचं कारण बनत नाही. आणि प्रश्न विचारणारे खासदार नितीशकुमारांच्याच पक्षाचे. नियम बदलणार नाही, पैसे घ्या. मित्रपक्षाशी दिल्ली कशी वागणार आहे ते मला या चोवीस तासांत जेवढं कळलं तेवढं पुढच्या शंभर मुलाखतींत कळलं नाही.

मग घोडं कुठंच अडलं नाही का? अडलं. दोन उदाहरणं पुरेत, आणि ती एकमेकांसारखी नाहीत.

१७ ऑगस्टला लोकसेवा आयोगाने ४५ पदांची जाहिरात काढली. सहसचिव, संचालक, उपसचिव या हुद्द्यांवर बाहेरून थेट माणसं घ्यायची, ज्याला लॅटरल एंट्री म्हणतात. आरक्षण नाही. विरोधक तुटून पडले, ते अपेक्षितच. पण १९ तारखेला चिराग पासवान, स्वतः मंत्री असताना, म्हणाले की आरक्षणाशिवाय भरती आम्हाला मान्य नाही. जनता दल (संयुक्त)नेही नाराजी सांगितली. तेलुगू देसमची मात्र हरकत नव्हती. २० तारखेला कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांचं आयोगाला पत्र गेलं आणि जाहिरात मागे. तीन दिवसांत! पाच खासदारवाल्याने हे केलं, ते संख्येच्या जोरावर नव्हे. लोकसभेच्या प्रचारात 'संविधान बदलणार, आरक्षण जाणार' या मुद्द्याने सत्तापक्षाला भाजून काढलं होतं आणि ती जखम ओली होती. चिराग यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं.

दुसरं वक्फ दुरुस्ती विधेयक. ८ ऑगस्टला मांडलं आणि त्याच दिवशी संयुक्त संसदीय समितीकडे पाठवायचं ठरलं. मागच्या लोकसभेत महत्त्वाची विधेयकं असा वळसा क्वचितच घ्यायची. समितीकडे पाठवायला आमची हरकत नाही असं सभागृहात म्हणणारे तेलुगू देसमचे तरुण खासदार हरीश, बालयोगींचेच चिरंजीव. तेव्हा कित्येकांनी लिहिलं की विधेयक बारगळलं. मला तसं वाटलं नव्हतं, कारण लल्लन सिंह त्याच दिवशी विधेयकाची जोरदार बाजू मांडत होते. आठ महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, ते काही बदलांसह लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ ने मंजूर झालं, मित्रपक्षांच्या मतांसह. म्हणजे इथे घोडं अडलं नाही, लांबच्या रस्त्याने गेलं. नव्या सरकारात बदल झाला तो एवढा: पूर्वी सरळ जायचं, आता कधी वळसा, कधी तीन दिवसांत माघार, आणि बऱ्याचदा काहीच फरक नाही. हे 'कमकुवत' या शब्दात बसत नाही आणि 'जैसे थे' यातही नाही.

'पहिल्या शंभर दिवसां'बद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिथे फार वेळ घालवू नका. निवडणुकीआधीच खात्यांना शंभर दिवसांचे आराखडे करायला सांगितलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीचे निर्णय जुन्याच फायली असतात. १९ जूनला पालघरजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी मिळाली, सुमारे ७६,२०० कोटी रुपये. 'नव्या सरकारची महाराष्ट्राला भेट' असे मथळे आले. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०२० ची होती, मच्छीमारांचा विरोध तर त्याहून जुना. नवं होतं ते फक्त वेळेचं गणित, कारण विधानसभेची निवडणूक दारात होती.

शेवटचं, विरोधी बाकांकडे बघायला विसरू नका. नवं सरकार म्हटलं की सगळे कॅमेरे एकाच बाजूला असतात. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४, २०१९ मध्ये ५२, म्हणून दहा वर्षं लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता. ९९ आल्यावर राहुल गांधींना ते पद मिळालं. त्याने भाषणांना वजन येतं ते ठीक, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं असं की सीबीआय संचालक, मुख्य दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त यांच्या निवड समितीत तो माणूस बसतो. तिथे तो अल्पमतात असतो, अडवू शकत नाही. पण असहमतीची टीप लिहू शकतो, आणि सरकारी कागदावर लिहिलेली असहमती कपाटात पडून राहिली तरी मरत नाही. एखाद्या खटल्यात वीस वर्षांनी बाहेर येते.

आणि लोकसभेचं उपाध्यक्षपद. अनुच्छेद ९३ म्हणतो, सभागृहाने 'शक्य तितक्या लवकर' अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. ते विरोधकांना द्यायचा प्रघात बराच काळ चालला. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, ते पूर्ण पाच वर्षं कोणालाच दिलं गेलं नाही. 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती, हे आमच्या टेबलावर कोणी विचारलं असतं तर मी 'पंधरा दिवसांत' असं टिपण लिहिलं असतं, आणि ते 'चर्चा करा' असा शेरा मारून परत आलं असतं.